बाद झालेल्यास जीवदान

(वाचावयाचा शास्त्रभाग : मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय २, वचने १ ते १२, करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १२, वचने १२ ते २७.)



भाताची कापणी व झोडणी आटोपली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, म्हणजे कर्जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत एक निराळाच ऋतू सुरू होतो. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कशेळे गाव घ्या. तेथून एक वाट फुटून खांडसकडे, भीमाशंकरच्या डोंगराच्या पायथ्याशी जाते. ह्या टापूतील खाचरे मोकळी झाली की तरुण मंडळी सपाट जागा पाहून धसकटे काढतात, लहान मुले खडे वेचतात, कोणी पाणी शिंपून माती चोपतो, कोणी फक्कीने रेषा आखतो. आणि दिवस मावळावयाच्या सुमारास एका दमात चाललेला कबड्डीचा घोष कानी पडू लागतो. आमचे वडील ह्याच खेळास हुतूतू म्हणत असत.

ह्याच दिवसांत खेड्यांतील आमच्या उपदेशक बंधूंपुढे एक प्रश्न उभा राहतो. सायंकाळी प्रार्थनेस चार म्हातारी माणसे येतात आणि तरुण सारे मैदानावर असतात. आईबाप विचारतात, "मुलगा दिवसभर काम करून येतो तो भाकरीदेखील न खाता खेळावयास धावतो. त्यास अडवावे की जाऊ द्यावे? ह्या खेळाने त्याचे काय हित होणार?" प्रश्न साधा आहे, तथापि त्याचे उत्तर घाईने देण्यासारखे नाही. म्हणून ह्या अंकी त्याचा थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की पवित्र शास्त्र खेळास तुच्छ लेखीत नाही. जखऱ्या संदेष्ट्याने देवाच्या कृपेने पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र रेखाटले, तेव्हा त्याने रस्त्यांवर काठी टेकीत बसलेले वृद्ध दाखविले, आणि त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेलेले चौकही दाखविले. ज्या गावात मुले निर्भयपणे खेळतात ते गाव देवाच्या आशीर्वादाखाली आहे, असा त्याचा आशय आहे. प्रेषित पौल करिंथ येथे राहिला होता. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे सामने भरत आणि जिंकणाऱ्यास पानांचा मुकुट मिळे. त्याच करिंथकरांस लिहिताना पौलाने धावणाऱ्यांचा व मुष्टियुद्ध करणाऱ्यांचा दाखला घेतला. सुकून जाणाऱ्या मुकुटासाठी हे लोक इतका संयम पाळतात, मग न सुकणाऱ्या मुकुटासाठी आपण किती पाळावा, असे त्याने त्यांस विचारले. खेळ ही वाईट गोष्ट असती तर पौलाने तिच्यातून धर्माचा धडा काढला नसता. आणखी अलीकडचे पाहावयाचे तर बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, तरुणांच्या ख्रिस्ती संघाच्या शाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने रचला. त्याच संघाच्या वतीने मद्रास येथे १९२० साली हॅरी बक ह्यांनी शारीरिक शिक्षणाचे विद्यालय उघडले. सांगण्याचे तात्पर्य इतकेच की, देवभीरू माणसांनी तरुणांच्या खेळाकडे पाठ फिरविली नाही. तो नीट कसा खेळला जाईल हे पाहिले.

परंतु येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. खेळाने मुलगा चांगलाच होतो, असे पुष्कळ लोक डोळे मिटून म्हणतात. आम्हांस तसे म्हणवत नाही. एकाच मैदानावर एक मुलगा धीर शिकतो आणि दुसरा दांडगाई शिकतो. एक सत्य बोलावयास शिकतो, दुसरा पंचाची नजर चुकवावयास. माती तीच, रेषा त्याच, नियमही तेच असतात. मग भेद कोठून येतो? आमच्या मते तो संघ कसा आहे ह्यावरून येतो. आणि संघ कसा आहे हे त्याच्या सर्वांत बलवान गड्याकडे पाहून कळत नाही, जो बाद होऊन रेषेबाहेर बसला आहे त्यास तो संघ कसा वागवितो ह्यावरून कळते. हीच गोष्ट आज आम्हांस सांगावयाची आहे.

ह्या खेळाची रीत आपणांस ठाऊकच आहे. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद, स्त्रियांचे बारा मीटर लांब व आठ मीटर रुंद. संघ बारा जणांचा. त्यांपैकी सात आत खेळतात व पाच राखीव बसतात. एक गडी मध्यरेषा ओलांडून एका दमात समोरच्यांवर चढाई करितो, कोणास तरी शिवून परत येतो, किंवा पकडला जाऊन बाद होतो. रानातील व खळ्यातील हा खेळ आज दूर देशांत पोहोचला आहे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी तो तेथे करून दाखविला. १९५० साली त्याचा अखिल भारतीय महासंघ झाला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पुरुषांचा व २०१० साली ग्वांगझू येथे स्त्रियांचा सामना प्रथम ठेवण्यात आला. ह्या खेळासाठी आयुष्य वेचणारे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी आपल्या महाराष्ट्राचेच. त्यांच्या जन्मदिवशी, म्हणजे १५ जुलै रोजी, महाराष्ट्रात कबड्डी दिन पाळतात. ज्यास पैसा लागत नाही, चेंडू लागत नाही, पायांत जोडाही लागत नाही, असा हा खेळ आहे. गरिबाच्या मुलास तो परका वाटत नाही. म्हणून त्यातील धडे आपण आपल्याच अंगणातून उचलू.

पहिला धडा दमाचा आहे. चढाई करणाऱ्याने "कबड्डी" हा उच्चार एका श्वासात, पंचास स्पष्ट ऐकू येईल असा, अखंड चालू ठेवावयाचा असतो. आता चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आहे. तरी दम तुटला की तो बाद, हा मूळ नियम कायम आहे. ह्यात गंमत अशी की आपला दम कोठे तुटला हे सर्वांआधी त्या गड्यासच ठाऊक असते. ओठ हलवीत राहून, चोरून श्वास घेणे अशक्य नाही. गावच्या सामन्यात, गलबल्यात, पंचाचे कान नेहमीच तेथवर पोहोचतात असे नाही. तेव्हा ज्या मुलाने पंचाने शिटी वाजविण्याच्या आधीच हात वर करून "माझा दम गेला" असे म्हटले, त्याने त्या दिवशी एक गुण गमावला खरा. परंतु मनुष्य म्हणून तो वाढला. जेथे कोणी पाहत नाही तेथे देव पाहतो, हे आपण मुलांस शब्दांनी पुष्कळदा शिकवितो. मैदानावर ते त्यास छातीतील श्वासाने शिकावे लागते.

पंचाचा निर्णय मानणे हाही ह्याच धड्याचा भाग आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझू येथे आशियाई स्पर्धांचा पुरुषांचा अंतिम सामना भारत व इराण ह्यांच्यात झाला. शेवटच्या काही मिनिटांत एका चढाईचे गुण कोणास द्यावेत, नियम जुना लावावा की नवा, ह्यावरून असा वाद माजला की सामना सुमारे तासभर खोळंबला. अखेरीस भारताने तो ३३ विरुद्ध २९ असा जिंकला. इतक्या मोठ्या ठिकाणी, इतक्या निष्णात खेळाडूंचाही तोल जाऊ शकतो, तर आपल्या वाडीतील मुलांस राग आवरणे कठीण जावे ह्यात नवल नाही. परंतु म्हणूनच ही सवय लहानपणी लागली पाहिजे. पौलाने तीमथ्यास लिहिले आहे की, जो मल्ल नियमाप्रमाणे लढत नाही त्यास मुकुट मिळत नाही. जो तरुण खोट्या वाटणाऱ्या निर्णयापुढेही शांतपणे मागे फिरू शकतो, तो उद्या घरातील भांडणात, पंचायतीतील वादात व मंडळीतील मतभेदात आपली जीभ आवरू शकेल.

दुसरा धडा हाताचा आहे. चढाई करणारा आत आला की बचाव करणारे गडी एकमेकांचे हात धरून साखळी करितात. एकट्याने झेप घेतली तर बलवान चढाईवाला त्यास सहज झटकून टाकतो. दोघांची साखळी मात्र त्यास अडविते, आणि तिघे चौघे वेळेवर धावून आले तर तो जागीच थांबतो. साखळीत हात कोणाचा धरावयाचा हे निवडावयास अवसर नसतो. शेजारी जो उभा असेल त्याचाच हात धरावा लागतो.

वाचकहो, ह्या एका गोष्टीचे मोल आपल्याइतके कोणास कळणार? "शिवणे" हा शब्द आपल्या भाषेत किती दुःखाने भरलेला आहे! शिवाशिवीच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांस विहिरीपासून, देवळापासून, शाळेच्या ओट्यापासून दूर ठेवण्यात आले. भारताच्या राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता बंद केली. तरी माणसांच्या मनांतून ती कायद्याच्या वेगाने गेली नाही, हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. आणि हा खेळ पाहा! ह्यात शिवल्यावाचून खेळच चालत नाही. आगऱ्याचा मुलगा, मराठ्याचा मुलगा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि आपल्या मंडळीचा मुलगा एका मातीत लोळतात, एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगास लागतो, आणि साखळीतला हात सुटला तर सारा संघ हरतो. आपल्या प्रभूपुढे कुष्ठरोगी गुडघे टेकून आला, तेव्हा नुसत्या शब्दानेही तो बरा झाला असता. परंतु प्रभूने हात पुढे करून त्यास स्पर्श केला. लोक ज्यास शिवत नव्हते त्यास शिवणे, हाच त्याचा उपदेश होता. मग जो मुलगा सायंकाळी शेजाऱ्याचा हात धरून खेळला, त्याने रात्री त्याच शेजाऱ्याच्या घरचे पाणी पिण्यास का कचरावे? मैदानावरची साखळी रेषेबाहेर येताच सुटत असेल, तर आपण अर्धाच खेळ शिकलो. बाकीचा अर्धा घराच्या उंबरठ्यावर शिकावयाचा आहे.

तिसरा धडा सर्वांत मोठा, आणि त्यासाठीच आम्ही ही लेखणी उचलली. जुन्या काळी ह्या खेळाचे तीन प्रकार होते. गामिनी प्रकारात जो गडी बाद झाला तो बादच. त्याचा सारा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसावयाचे. अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नसे. समोरच्यांस गुण मिळे, पण चुकलेला गडी आपल्या जागी तसाच उभा राही. तिसरा प्रकार संजीवनी, आणि आजची कबड्डी ह्याच रीतीने खेळली जाते. ह्यात बाद झालेला गडी बाहेर जातो, समोरच्यांचा गुण फळ्यावर लिहिला जातो. परंतु त्याच्या सोबत्यांनी समोरचा एक गडी बाद केला की आपल्यांपैकी एक जण पुन्हा आत येतो. सारेच गडी बाद झाले तर लोण चढते व दोन गुण अधिक जातात. तरी सर्व सात जण पुन्हा उभे राहतात व खेळ पुढे चालतो.

ह्या तीन रीतींचा नीट विचार करा. जगाची रीत पुष्कळदा गामिनीसारखी असते. एकदा चुकला, एकदा शाळा सुटली, एकदा दारूच्या नादी लागला, एकदा तुरुंगाची पायरी चढला, की तो कायमचा बाहेर. उलट कित्येक लाडके आईबाप आपल्या मुलासाठी अमर रीत चालवितात. त्याने काहीही केले तरी त्यास जागचे हलू देत नाहीत, आणि त्यामुळे चूक म्हणजे काय हेच त्या मुलास कळत नाही. संजीवनीची रीत ह्या दोहोंहून वेगळी आहे. तीत चूक झाकली जात नाही. गेलेला गुण गेलाच, तो कोणी पुसत नाही. परंतु चुकणाऱ्यास टाकूनही दिले जात नाही. न्याय व दया ह्यांची गाठ येथे एका खेड्यातील खेळात पडली आहे, असे आम्हांस वाटते.

आणखी दोन बारीक गोष्टी पाहा. बाहेर बसलेल्या गड्यास स्वतःच्या बळाने आत येता येत नाही. त्याने कितीही शड्डू ठोकले, कितीही आरडाओरडा केला, तरी उपयोग नाही. आत राहिलेल्या सोबत्याने जिवाचे रान करून गुण आणला तरच तो उठतो. म्हणजे त्याचे खेळातील जीवन हे दुसऱ्याच्या श्रमाचे दान आहे. जो मुलगा हे एकदा मनापासून समजला त्याचा गर्व गळून पडतो. आणि ज्या मुलास हे कळले की आपल्या चढाईवर बाहेर बसलेल्या मित्राचे जीवन अवलंबून आहे, त्याच्या अंगी जबाबदारी येते. दुसरी गोष्ट अशी की, परत येण्याचा क्रम बाद होण्याच्या क्रमाप्रमाणेच असतो. जो आधी बाहेर गेला तो आधी आत येतो. तेथे संघनायकाचा भाऊ, पाटलाचा मुलगा किंवा सर्वांत तगडा गडी आधी येत नाही. जो सर्वांत अधिक वेळ वाट पाहत बसला आहे त्याचा हक्क पहिला.

आता मार्काच्या शुभवर्तमानातील त्या चार मित्रांची आठवण करा. कफर्णहूमात प्रभू एका घरात शिकवीत होता. दारात मुंगीस वाट नव्हती इतकी गर्दी झाली होती. चौघांनी एका पक्षाघाती मनुष्यास खाटेवर आणिले, आत जाता येईना म्हणून छप्पर उघडले, आणि त्यास खाली सोडिले. शास्त्र सांगते की प्रभूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला. तो मनुष्य स्वतः चालू शकत नव्हता, तो त्या घटकेस खेळातून बाद झालेलाच होता. परंतु त्याचे चार सोबती बाद झाले नव्हते. खाटेचे चार कोपरे चौघांनी धरिले होते. एकाने जरी हात सोडला असता तरी खाट कलंडली असती. आम्हांस तर हा शुभवर्तमानातील एक उत्तम संघ वाटतो.

बंधूंनो, हे सर्व ऐकावयास गोड आहे. परंतु कशेळ्याच्या आसपास ह्याची कसोटी कोठे लागते ते आम्ही स्पष्ट सांगतो. दिवाळी सरली की कातकरी वाड्यांतील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात घर चालविण्यासाठी, लग्नासाठी किंवा दुखण्यासाठी मालकाकडून उचल घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडावयाची असते. मुलेही आईबापांबरोबर जातात. पावसाच्या तोंडावर ती परत येतात. म्हणजे जेव्हा गावात मैदान आखले जाते तेव्हा तो मुलगा माती तुडवीत असतो, पण ती विटांची. आणि जेव्हा तो घरी येतो तेव्हा खाचरांत पाणी भरलेले असते. शाळेचे वर्षही त्याचे असेच बुडते. असा एखादा मुलगा चपळ असतो, काटक असतो, पूर्वी संघात होता. तो परत येऊन मैदानाच्या कडेस उभा राहतो. त्याची जागा दुसऱ्यास दिलेली असते. कोणी त्यास हाकलीत नाही. कोणी त्यास बोलावीतही नाही. दोन दिवस तो उभा राहतो, तिसऱ्या दिवशी येत नाही. पुढे तो शाळेतही येत नाही आणि प्रार्थनेसही येत नाही. पुढच्या वर्षी तो स्वतःच उचल घेतो.

हा मुलगा कोणत्या चुकीने बाद झाला? त्याचा दम तुटला नव्हता, तो रेषेबाहेरही गेला नव्हता. त्याच्या बापाच्या दारिद्र्याने त्यास बाहेर नेले. जेथे स्वतःच्या चुकीने बाद झालेल्यासही खेळाचा नियम परत आणतो, तेथे न चुकता बाहेर गेलेल्यास आपण परत आणू नये काय? जो संघ सात सामने जिंकून ढाल घेऊन आला, परंतु ज्याने असा एक मुलगा कडेस उभा ठेविला, तो आमच्या मते हरला आहे. आणि जो संघ पहिल्याच फेरीत हरला, परंतु ज्याने त्या मुलाचे नाव बाराच्या यादीत राखून ठेविले, त्याने काही मिळविले आहे.

कोणी म्हणेल, "सराव न केलेल्यास खेळविले तर संघ हरेल." हे म्हणणे खोटे नाही, आणि बाकीच्या मुलांवर अन्याय करा असे आम्ही सांगत नाही. त्याने पहिल्याच दिवशी सातांत खेळावे असेही नव्हे. परंतु राखीव पाचांत त्यास बसवावे, पंधरा दिवस त्याच्यासाठी अधिक सराव ठेवावा, भट्टी जवळ असेल तर आठवड्यातून एकदा दोघांनी तेथे जाऊन त्यास भेटून यावे. शरीराचा एखादा अवयव दुखावला तर साऱ्या शरीरास दुःख होते, असे पौलाने लिहिले ते देवळात वाचण्यापुरते नव्हे. पाय बधिर झालेला माणूस पाय कापून टाकीत नाही; तो त्यास चोळतो, शेकतो, हळूहळू चालवितो.

मुलींविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पुष्कळ घरांत मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिचा खेळ बंद होतो. ती कोणत्याही चढाईवाचून बाद ठरते. अशा आईबापांस आम्ही एवढेच स्मरण देतो की, २०१२ साली पाटणा येथे स्त्रियांच्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने इराणवर २५ विरुद्ध १९ असा जय मिळविला, त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के व अभिलाषा म्हात्रे ह्या महाराष्ट्राच्या तीन कन्या होत्या. पुढे २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत भारताच्या मुली अंतिम सामन्यात त्याच इराणकडून २४ विरुद्ध २७ असा पराभव पावल्या. तीन गुणांनी सुवर्ण हुकले. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, हांगझू येथे भारताच्या स्त्री-संघाने चिनी तैपेईवर २६ विरुद्ध २५, म्हणजे केवळ एका गुणाने, जय मिळवून ते सुवर्ण परत आणिले. हरल्यावर पुन्हा उभे राहण्याचे बळ मुलींच्या अंगी नसते असे कोणी म्हणू नये. त्यांस सुरक्षित जागा, दिवसाउजेडी वेळ आणि विश्वासाची एखादी बाई बरोबर दिली, तर त्यांच्या खेळात लाज वाटण्यासारखे काही नाही.

ज्या गोष्टींनी खेळ नासतो त्याही झाकून ठेवणे बरे नव्हे. रात्री दिव्यांच्या उजेडात सामने होतात तेथे पैज लावणे, दारू पिणे, जिंकल्यावर समोरच्यांच्या वाडीवरून डिवचीत जाणे, हे प्रकार घडतात. बक्षिसाची रक्कम मोठी असली की दुसऱ्या गावचा गडी आपल्या नावावर खेळविण्याचा मोह होतो. एखाद्याचा गुडघा किंवा खांदा दुखावलेला असता "एवढा सामना काढ" म्हणून त्यास पुन्हा आत लोटतात, आणि तो जन्माचा अधू होतो. तरुणांनो, ज्या संघात राहण्यासाठी खोटे बोलावे लागते, प्यावे लागते, किंवा दुबळ्याची चेष्टा करावी लागते, त्या संघातून आपण होऊन बाहेर पडा. असे बाद होणे हा जय आहे.

खेड्यांतील आमच्या उपदेशक बंधूंस आमची नम्र सूचना अशी आहे. तुम्ही मैदानापासून दूर राहू नका. प्रार्थनेची घंटा व खेळाची वेळ एकच ठेवून मुलांस पेचात टाकू नका. दिवे लागल्यावर अर्ध्या घटकेने प्रार्थना ठेविली तर खेळून, हातपाय धुऊन मुले येऊ शकतील. मधून मधून स्वतः जाऊन रेषेबाहेर बसा. आत काय चालले आहे हे सारेच पाहतात, तुम्ही बाहेर कोण बसला आहे ते पाहा. त्याच्याशेजारी बसा. त्याचे नाव विचारा, त्याचे घर विचारा, भट्टीवरून केव्हा आला ते विचारा. पंच होण्याची वेळ आली तर आपल्या मंडळीच्या मुलासही निःपक्षपातीपणे बाद द्या. त्या एका निर्णयाने गावात तुमच्या दहा उपदेशांपेक्षा अधिक साक्ष होईल. आणि सामना संपल्यावर जिंकणाऱ्यांचे कौतुक करण्याआधी, ज्याच्या हातून शेवटचा गुण गेला त्याच्या खांद्यावर हात ठेवा. त्या रात्री त्यास झोप येणार नसते.

आईबापांस आम्ही सांगतो की, मुलास खेळावयास जाऊ द्या, परंतु तो घरी आल्यावर "जिंकलास काय?" एवढेच विचारू नका. "आज बाहेर कोण बसला होता?" असेही विचारा. हा प्रश्न त्याच्या कानी रोज पडला, तर तो उद्या मैदानावरही तेच पाहू लागेल. आणि परवा, मोठा झाल्यावर, आपल्या वाडीतही तेच पाहील.

शेवटी आपण स्वतःविषयी विचार करू. आपल्यांपैकी असा कोण आहे की जो कधी बाद झाला नाही? कोणाचा दम तुटला, कोणाचा पाय रेषेबाहेर पडला, कोणास जगाने धरून खाली पाडिले. आपण कडेस बसलो होतो, आणि आपल्या बळाने आत येणे आपणांस शक्य नव्हते. आपल्यासाठी एक जण आत राहिला, एकटा राहिला, सर्वांनी सोडून दिले तरी राहिला, आणि त्याच्या श्रमाने व दुःखाने आपणांस जागा परत मिळाली. ज्यांस असे जीवदान मिळाले आहे त्यांनी बाहेर बसलेल्या भावाकडे पाठ करून खेळू नये. सायंकाळी कशेळ्याच्या माळावर जेव्हा पुन्हा रेषा आखल्या जातील, तेव्हा तेथे कडेस उभ्या असलेल्या मुलास कोणीतरी नावाने हाक मारो, आणि ती हाक आपल्या मंडळीच्या एखाद्या तरुणाच्या मुखातून निघो, अशी त्या कृपाळू पित्याजवळ आमची प्रार्थना आहे. आमेन.